व्हिवेरियमच्या झाडांचा सामायिक तक्ता: 'मध्यम प्रकाश, जास्त ओलावा' याच्या पुढे कसं जायचं?

काचेतलंरान

टेरारियम (काचेच्या पेटीतली बाग), पालुडेरियम (अर्धी जमीन, अर्धं पाणी असलेली पेटी) आणि प्राणी असलेल्या व्हिवेरियममध्ये चालणाऱ्या झाडांची यादी आम्ही काही जण मिळून गूगल शीटमध्ये करतो आहोत. सध्या १४० ओळी झाल्या आहेत. प्रत्येक ओळीत झाडाचं नाव, प्रकाश, ओलावा, तापमान, उंची, 'सोपं/अवघड' आणि शेरा, असे कॉलम आहेत. कोणीही येऊन भरावं अशी मोकळीक ठेवली आणि तिथंच गाडी अडकली.

फिटोनियाच्याच चार ओळी आहेत: 'फिटोनिया', 'फिटोनीया लाल', 'नर्व्ह प्लांट' आणि 'मोझॅक प्लांट'. एकात लिहिलंय 'ओलावा कमी झाला की माना टाकतं', दुसऱ्यात 'ओलाव्यानं सडतं, सांभाळून'. प्रकाशाच्या कॉलममध्ये १४० पैकी शंभरावर ठिकाणी नुसतं 'मध्यम'. तापमान बऱ्याच जणांनी परदेशी माहितीपानांवरून उचललेलं, २२ ते २६ अंश. एप्रिलमध्ये मुंबईत रात्रीसुद्धा खोली त्याच्या खाली येत नाही, मग त्या आकड्याचं करायचं काय?

नवीन माणसानं यादी उघडली की त्याला 'माझ्या पेटीत हे जगेल का' एवढं कळायला हवं. त्यासाठी रचना कशी बदलावी? नावांचा घोळ कसा आवरावा? प्रकाश आणि ओलावा घरच्या घरी आकड्यात कसा मोजावा? शीटच ठेवावी की खरा डेटाबेस उभा करावा? फोटोंचंही सांगा, सध्या ते सगळे व्हॉट्सॲपवर पडलेत.

तक्तेबाज

मूळ घोळ हा की तुमची एक ओळ म्हणजे एक झाड आहे. ओळ म्हणजे एक नोंद असायला हवी: अमुक झाड, अमुक पेटीत, अमुक तारखेला लावलं, अमुक तारखेला ते या अवस्थेत होतं. 'सोपं', 'मध्यम', 'सांभाळून' ही मतं आहेत आणि मतांची सरासरी निघत नाही.

फिटोनियाची दोन्ही वाक्यं खरी आहेत. समोर जाळीची हवापट्टी असलेल्या ६० × ४५ × ४५ सेंमीच्या पेटीत माध्यम वरून सुकलं की फिटोनिया आडवं पडतं आणि पाणी दिल्यावर काही तासांत उठतं. त्याच झाडाची कांडी पाच लिटरच्या बंद बरणीत, निचऱ्याचा थर नसताना, ओल्या कोकोपीटमध्ये खोचली तर खोड बुडाशी काळं पडून सडतं. फरक झाडात नसून पेटीत आहे, आणि तुमच्या तक्त्यात पेटीला जागाच नाही.

चार तक्ते करा.

'झाडे': एका टॅक्सॉनला, म्हणजे एका जातीला किंवा वाणाला, एक ओळ. क्रमांक, शास्त्रीय नाव, कूळ, वाढीची ठेवण म्हणजे सरपटणारं, वेल, झुबका, एपिफाइट (दुसऱ्या झाडावर वाढणारं) वगैरे. काळजी कशी घ्यावी याचा एक शब्दही इथं नको.

'नावे': जेवढी नावं तेवढ्या ओळी, आणि प्रत्येक ओळ झाडाच्या क्रमांकाकडे बोट दाखवणारी. 'नर्व्ह प्लांट' इथं येईल. एकच नाव दोन-तीन झाडांकडे बोट दाखवत असेल तर दाखवू द्या, तेच खरं आहे.

'पेट्या': कोणाची, कुठल्या शहरात, लांबी-रुंदी-उंची, बंद की हवापट्टीची, निचऱ्याचा थर किती सेंमी, माध्यम कशाचं, दिवा कोणता आणि किती तास, पाणी कुठलं, प्राणी कोणता. हे एकदाच भरायचं. पेटीत मोठा बदल झाला, दिवा बदलला किंवा झाकण बदललं, की पेटीला नवीन क्रमांक द्यायचा. जुन्या ओळीत आकडा खोडून नवा लिहिलात तर आधीच्या सगळ्या नोंदी खोट्या होतात.

'नोंदी': झाड क्रमांक, पेटी क्रमांक, पेटीतली जागा, लावल्याची तारीख, पाहिल्याची तारीख, अवस्था, कारण. जागेसाठी पाचच पर्याय ठेवा: तळ, मागची भिंत, लाकडावर, पाण्याकाठी मुळं ओली, पूर्ण पाण्यात.

पाहिल्याच्या तारखा साधारण ३०, ९०, १८० आणि ३६५ दिवसांच्या असाव्यात. पहिल्या महिन्यात जवळजवळ काहीही हिरवं दिसतं, कारण झाड नर्सरीत साठवलेल्या ताकदीवर जगत असतं. 'छान चाललंय' असं दहाव्या दिवशी लिहिलेल्या नोंदीला काही किंमत नाही.

मेलेल्या झाडांची नोंद सक्तीची करा. अशा यादीत लोक फक्त जगलेलं लिहितात आणि मग सगळीच झाडं सोपी वाटू लागतात. 'कारण' मात्र मोकळा रकाना ठेवू नका. यादीतून निवडायचं: बुडाशी सड, पान सड, सुकणे, उन्हाळ्यातली उष्णता, अंधाराने लांबलचक होऊन पडणे, कीड, प्राण्याने तुडवले वा खाल्ले, माहीत नाही. 'माहीत नाही' हा पर्याय हवाच. तो नसला की लोक अंदाज ठोकतात.

आणखी एक. झाड साठाव्या दिवशी कुणाला देऊन टाकलं किंवा पेटी मोडली, तर ते मरण धरायचं नाही. 'साठ दिवसांपर्यंत जिवंत, पुढे नोंद नाही' असं वेगळं धरा. दोन्ही एकाच खान्यात गेले की आकडेवारी उगाच वाईट दिसते.

पेरेपान

वरच्या उत्तरातल्या 'अवस्था' या खान्याला पुस्ती. 'जिवंत' आणि 'मेले' या दोन पर्यायांत बरीच झाडं फसवतात.

बिगोनिया क्रेनाटा हा आपल्या सह्याद्रीच्या कातळावर पावसाळ्यात दिसणारा बिगोनिया कंदाचा आहे. पावसाळा सरला की पानं जातात आणि कंद राहतो. पेटीत त्यानं पानं टाकली की लोक 'मेले' लिहून कंदासकट फेकून देतात. क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीचं तसंच: जागा बदलली की पानं विरघळून चिखल होतात, पण जमिनीतलं खोड शाबूत असतं आणि काही आठवड्यांत नवी पानं येतात. ड्रॉसेरा इंडिका तर मुळातच एका हंगामाचं झाड. फुलून, बी धरून ते जातं, त्यात पेटीचा दोष नाही. म्हणून अवस्था सहा ठेवा: वाढते आहे, थांबले आहे, सुप्त, पाने गेली पण खोड वा कंद आहे, आयुष्य संपले, मेले.

आता नावं. शास्त्रीय नावाचा कॉलम रोमन लिपीतच ठेवा. इथे आपण बोलताना देवनागरीत लिहितो ते ठीक, पण 'पेपेरोमिया', 'पेपरोमिया' आणि 'पेपेरोमीया' ही तीन झाडं नाहीत हे शीटला कळत नाही. देवनागरी उच्चार 'नावे' तक्त्यात जाऊ द्या, शोधायला उपयोगी पडतो.

नाव पडताळायला लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' ही यादी प्रमाण माना आणि ते एकदा जाहीर करून टाका. दोन प्रमाणं ठेवलीत की दर महिन्याला भांडण. मात्र तिच्यात शेवाळं (मॉस) नाहीत, ती फक्त वाहिनीयुक्त वनस्पतींची यादी आहे. शेवाळांसाठी 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन' किंवा जीबिफ (जगभरच्या जीवनोंदींचा खुला साठा) वापरा.

नावं बदलतात, म्हणून झाडाची ओळख आपल्या क्रमांकाने ठेवायची, नावाने नव्हे. बाजारातले बरेचसे कॅलॅथिया २०१२ पासून गोएपर्टिया झाले, सान्सेव्हिएरिया ड्रॅसिनात गेला. फिटोनिया व्हर्शाफेल्टी आणि फिटोनिया अल्बिव्हेनिस हे एकच आहे. जुनं नाव 'नावे' तक्त्यात 'समनाम' म्हणून ठेवलं की काम झालं.

बाजारातली नावं सगळ्यात घातकी. 'बेबीज टिअर्स' म्हणून सोलेरोलिया मिळतं, पायलिया डिप्रेसा मिळतं, आणि ॲक्वेरियमच्या दुकानात त्याच नावाखाली बारीक पानांची तिसरीच पाणवनस्पती. पहिल्याला थंडावा लागतो, दुसरं आपल्याकडच्या उष्णतेत बरं तग धरतं. 'मॉन्स्टेरा ऑब्लिका' म्हणून विकलं जाणारं बहुतेक अडान्सोनी असतं, आणि 'मिनी मॉन्स्टेरा' हे मॉन्स्टेरा नसून राफिडोफोरा टेट्रास्पर्मा. 'जावा मॉस' वर्षानुवर्षं व्हेसिक्युलारिया डुबियाना या नावानं विकलं गेलं, प्रत्यक्षात ते टॅक्सिफिलम बार्बिएरी. शिवाय आपल्याकडचा 'मनी प्लांट' म्हणजे एपिप्रेम्नम, तर परदेशी लेखांतला बरेचदा पायलिया पेपेरोमिऑइडिस. तिकडचा सल्ला इकडच्या वेलाला लावणारे पुष्कळ आहेत.

ओळख पक्की नसेल तर जातीचं नाव ठोकू नका. वंशापर्यंत खात्री असेल तर वंश लिहून पुढे 'एसपी', एखाद्या जातीसारखं वाटतं पण ताडून पाहिलेलं नाही, तर मध्ये 'सीएफ'. तेही जमत नसेल तर 'अनोळखी-०३१' असा क्रमांक द्या आणि नोंदी चालू ठेवा. ओळख पटल्यावर क्रमांकाला नाव जोडता येतं. शेवाळांत तर सूक्ष्मदर्शकाशिवाय जात सांगणाऱ्यावर विश्वासच ठेवू नये. बागेत तयार केलेल्या वाणाचं नाव वेगळ्या कॉलममध्ये, एकेरी अवतरणात: पेपेरोमिया कॅपेराटा 'एमराल्ड रिपल'. फिटोनियाचा लाल आणि पांढरा वाण वेगळे ठेवायचे, कारण लालाचा रंग कमी उजेडात फिका पडतो आणि ती माहिती हवी असते.

ओळखीसाठी फोटो चार: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि पेर जवळून, म्हणजे पान खोडाला कसं जोडलंय ते दिसेल असा. शेजारी मोजपट्टी. फूल आलं तर पाचवा. दिव्याचा जांभळा उजेड बंद करून काढा, नाहीतर रंगावरून काहीच सांगता येत नाही.

दमटहवा

मोजमापाचं मी सांगतो.

*प्रकाश.* 'मध्यम' काढून टाका. फोनमधलं लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं ॲप सोयीचं वाटतं, पण दोन फोन एकाच दिव्याखाली खूप वेगळे आकडे देतात. साधा लक्स मीटर गटात एक घेऊन फिरवलात तरी भागेल. मीटरचा सेन्सर पेटीच्या आत, पानांच्या उंचीवर, तोंड दिव्याकडे करून धरा, झाकण लावलेलं. काच आणि तिच्यावरची वाफ बराच उजेड खाते, त्यामुळे बाहेर मोजून उपयोग नाही.

पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की पीपीएफडी, म्हणजे झाडाला वापरता येणारा, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारा प्रकाश, साधारण मिळतो. ३५०० लक्स म्हणजे सुमारे ५० मायक्रोमोल. जांभळ्या-गुलाबी ग्रो लाइटला हा भागाकार लागू नाही, कारण लक्स मीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने हिरव्या-पिवळ्याला जास्त वजन देतो. मग दिवसाचा एकूण प्रकाश: पीपीएफडी × तास × ०.००३६. ५० मायक्रोमोल १२ तास म्हणजे २.१६ मोल. हा एकच आकडा तक्त्यात दिसला पाहिजे, कारण आठ तास प्रखर दिवा आणि चौदा तास मंद दिवा यांची तुलना त्याशिवाय होत नाही. पण साठवायचं मात्र कच्चं: लक्स, तास, दिव्याचा प्रकार. भागाकाराचा आकडा उद्या सुधारला तर सगळं पुन्हा काढता येतं.

*ओलावा.* दीडशे-दोनशेचं डिजिटल हायग्रोमीटर ताडून न पाहता वापरू नका. कृती सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळून पाणी झालं तर चुकलं. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करा, एकमेकांना न टेकवता, आणि ८ ते १२ तास सारख्या तापमानाच्या जागी ठेवा. आत ७५ टक्के असतं. मीटर ६९ दाखवत असेल तर फरक +६, तो पेटीच्या ओळीत लिहून ठेवा. वर्षातून एकदा पुन्हा करा.

सेन्सर लावून नोंद घेणाऱ्यांसाठी: डीएचटी-११ ची मोजमर्यादाच २० ते ९० टक्के आहे आणि चूक ±५, म्हणजे आपल्या कामाला तो बाद. डीएचटी-२२ चालतो, पण त्याच्यावर दव बसलं की ९९.९ वर अडकून बसतो. असे आकडे नोंदीतून गाळा. एसएचटी-३१ ला आत छोटा हीटर असतो, दव उडवता येतं, म्हणून बंद पेटीत तो बरा. कोणताही सेन्सर मिस्टिंगच्या फवाऱ्यासमोर नको. दिवसाचं किमान आणि कमाल लिहा. 'सरासरी ८० टक्के' यात दुपारी ५० आणि रात्री ९९ असलेली पेटीही बसते आणि कायम ८० असलेलीही. हवेत लटकणारी टिलँडसिया पहिलीत सुकून घेते म्हणून जगते, दुसरीत मधोमध सडते.

*तापमान.* रात्रीचं किमान आणि दुपारचं कमाल, दोन्ही पेटीच्या आत, दिवा लागलेला असताना. पंख्याविना बंद पेटी वरच्या दिव्याने खोलीपेक्षा काही अंश सहज तापते. महिना लिहायला विसरू नका. पुण्यातल्या डिसेंबरच्या नोंदीवरून मे महिन्याचं भविष्य सांगू नये.

*पाणी.* टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर प्यायच्या पाण्यासाठी घरोघरी आलाच आहे, तो वापरा. बोअरच्या कठीण पाण्याने शेवाळावर आणि काचेवर पांढरा क्षार बसतो. शेवाळ आधी टोकांना तपकिरी होतं आणि दोष मात्र 'ओलावा कमी पडला' याला दिला जातो.

काचेतलंरान

भरपूर मिळालं, आभार. दोन अडचणी लगेच दिसतात. एवढे रकाने बघून लोक पळतील. आणि शीट स्वतःच आकडे बिघडवते आहे: उंची '५-१०' लिहिली की तारीख होऊन बसते. शीट सोडायचीच का मग?

तक्तेबाज

सोडू नका. काही हजार नोंदींपर्यंत शीट पुरते, आणि लोकांना ती उघडता येते हा तिचा मोठा गुण. फक्त शीटमध्ये थेट कोणी लिहायचं नाही. गूगल फॉर्म द्या, उत्तरं एका कच्च्या पानावर येऊ द्या, त्या पानाला हात लावू नका आणि तपासलेल्या ओळी दुसऱ्या पानावर घ्या. तपासणारे दोघं असले तरी चालतं.

बिघाड कुठे कुठे होतात ते लिहितो.

'५-१०' ची तारीख होते, म्हणून किमान आणि कमाल असे दोन कॉलम. मर्यादा कधीच एका खान्यात लिहू नका.

क्रमांक '००१२' लिहिला की '१२' होतो. आधी अक्षर लावा: 'झ००१२', 'प००४'.

देवनागरी अंक. कोणी रोमन पाचऐवजी '५' टाईप केला तर तो आकडा म्हणून धरला जाईलच असं नाही, मजकूर समजून सरासरीतून गुपचूप गळतो आणि कुठेही लाल खूण येत नाही. फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला 'फक्त संख्या' अशी अट लावा. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असणाऱ्यांकडून हे हमखास होतं.

मराठी अक्षरांची दुहेरी लिखावट. 'ॲन्थुरियम' मधला 'ॲ' एकच अक्षर म्हणून टाईप होतो, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. 'ऱ' सुद्धा एक अक्षर म्हणून येतो किंवा 'र' खाली नुक्ता म्हणून; आणि 'दुसऱ्या' मधलं ऱ्य काही कीबोर्ड साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह लावून करतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगळ्या लिखावटी एक करणारी पद्धत) 'ऱ' चं काम करतं, पण 'ॲ' चे दोन प्रकार आणि ते अदृश्य चिन्ह त्यानं एक होत नाहीत. त्यासाठी शोधा-आणि-बदलाचे नियम स्वतः लिहावे लागतात. दर आठवड्याला एकदा चालवले की झालं. मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागांसाठी ट्रिम हे सूत्र.

शीटची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) डाउनलोड करून एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठीचा कचरा दिसतो, आणि घाबरून तीच सेव्ह केली तर कचरा पक्का होतो. आयात करताना अक्षरांची पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडायचं. महिन्यातून एकदा चारही तक्त्यांच्या सीएसव्ही प्रती तारीख घालून वेगळ्या जागी ठेवा.

नावांच्या पडताळणीला जीबिफची फुकट सेवा आहे, नाव पाठवलं की जुळणी, स्थिती आणि खात्रीचा आकडा परत देते. तिच्यात एक खड्डा आहे. जात सापडली नाही तर ती वंशाशी जुळवून बिनतक्रार उत्तर देते. उत्तरात जुळणीचा प्रकार 'हायररँक' (फक्त वरच्या गटाशी जुळलं) आला तर ती ओळ आपोआप मंजूर करू नका. 'फझी' आलं तर स्पेलिंगची चूक असते, पण माणसानं डोळ्यांखालून घालावं.

राइनकाठ

इकडे जर्मनीत हिवाळ्यात घर गरम केलेलं असतं, पण रात्री खोली १८ अंशांवर येते आणि हवा कोरडी. तुमच्या माहितीपानांवरचे '२२ ते २६' हे अशा घरांतून आलेले आकडे आहेत. झाडाची मर्यादा नव्हे, लेखकाच्या दिवाणखान्याचं तापमान. त्यामुळे शिफारस लिहूच नका. तक्त्यातून काढा: अमुक झाड रात्रीचं किमान २६ च्या वर असलेल्या पेट्यांत किती दिवस टिकलं. थंडावा लागणाऱ्या झाडांचा प्रश्न बहुतेक दुपारचा नसतो, रात्री न उतरणाऱ्या पाऱ्याचा असतो.

रकान्यांबद्दल तक्तेबाजांशी माझं जमत नाही. त्यांची पेटीची ओळ बरोबर आहे, पण पहिल्याच दिवशी सगळं मागितलं तर माणूस फॉर्म अर्ध्यावर सोडतो, आणि अर्धा फॉर्म म्हणजे शून्य नोंद. सक्तीचे सात ठेवा: झाड किंवा अनोळखी क्रमांक, पेटी, जागा, लावल्याची तारीख, पाहिल्याची तारीख, अवस्था, एक फोटो. पेटीसाठी सक्तीचे चार: शहर, मापं, बंद की हवापट्टी, दिव्याचे तास. लक्स, टीडीएस, हायग्रोमीटरचा फरक ऐच्छिक. रिकामा खाना चालेल, अंदाजाने भरलेला चालणार नाही. आणि '०' म्हणजे रिकामा नव्हे, हे फॉर्मवर लिहून टाका.

प्राणी असलेल्या पेट्यांसाठी एक खाना मात्र सोडू नका: झाड कुठून आलं आणि पेटीत जाण्याआधी किती दिवस वेगळं ठेवलं. नर्सरीतल्या झाडावर इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक असेल तर ते पान धुऊन जात नाही, झाडाच्या रसात असतं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे कांडी तोडून स्वच्छ माध्यमात वाढवायची आणि नवी वाढ तेवढी पेटीत न्यायची. नर्सरीची माती मुळांवरून पूर्ण झाडायची, त्यातले हळू विरघळणाऱ्या खताचे पिवळट गोळे वेचायचे. वेगळ्या ठेवलेल्या डब्यात स्प्रिंगटेल (मातीतले बारीक, उड्या मारणारे जीव) सोडून बघा. ते एकाएकी गायब झाले तर ते झाड बेडकाच्या पेटीत नको. ब्लीचची आंघोळ घालणारे जाड पानांना १ भाग ब्लीच, १९ भाग पाणी असं काही मिनिटं बुडवून भरपूर धुतात. शेवाळ आणि नाजूक नेचे त्यात जळतात, म्हणून ही कृती केली असेल तर तिचीही खूण नोंदीत हवी. नाहीतर आठवड्याने मेलेल्या नेच्याचं खापर पेटीवर फुटेल.

'विषारी' असा हो-नाही कॉलम करू नका. ॲरॉइड म्हणजे अळूच्या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, पण पानं न खाणाऱ्या बेडकाला त्याचं काही नाही आणि पानं खाणाऱ्या सरड्याला आहे. इंटरनेटवरच्या प्रसिद्ध विषारी याद्या कुत्रा, मांजर आणि घोड्यासाठी केलेल्या आहेत.

पेरेपान

उगमाबद्दल आणखी. वनस्पती उद्यानं यासाठी चार रोमन अक्षरं वापरतात: डब्ल्यू म्हणजे रानातून, झेड म्हणजे रानातून आणलेल्याची लागवडीतली संतती, जी म्हणजे लागवडीतलं, यू म्हणजे माहीत नाही. हेच घ्या, नवीन शोधू नका. टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) कपासाठी फक्त एक खूण वाढवा.

पावसाळ्यात घाटातून खरवडून आणलेलं शेवाळ बाजारात येतं, त्याला 'जी' लिहू नका. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय शेवाळाचा तुकडाही उचलता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाडांची वेगळी अनुसूची आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती तिसरी झाली. मेघालयातलं घटपर्णीचं झाड निपेंथिस खासियाना आणि पाफिओपेडिलम ऑर्किड तिच्यात आहेत. अशा झाडांच्या ओळीला खूण करा आणि उगम 'रानातून' असलेली नोंद फॉर्मनंच स्वीकारू नये.

फोटोत जागा लपलेली असते. फोन फोटोच्या आत अक्षांश-रेखांश भरतो, आणि रानातला दुर्मिळ झाडाचा फोटो तसाच ठेवला की चोराला पत्ता मिळाला. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा सुमारे ०.२ अंशांच्या चौकोनात पुसट केली जाते. तुम्ही तर जिल्ह्याच्या पुढे जाऊच नका. लोकांच्या घरच्या पेट्यांच्या फोटोंतही घराचं ठिकाण जातं, म्हणून चढवण्याआधी सगळ्याच फोटोंतून ते काढा. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना ही माहिती काढतं, पण त्यासोबत तारीखही पुसली जाते आणि फोटो दाबून लहान होतो, पेराचा तपशील मरतो. मूळ फोटो हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

परवाना आत्ताच ठरवा. पन्नास जणांचे फोटो जमल्यावर प्रत्येकाला शोधून परवानगी मागणं अशक्य होतं. नोंदींच्या आकड्यांना सीसी-शून्य (कसलीही अट नाही) आणि फोटोंना सीसी-बाय (फक्त श्रेय द्यायचं) ठेवलंत तर पुढे कोणालाही वापरता येतं. 'व्यावसायिक वापर नको' ही अट बऱ्याच जणांना आवडते, पण मग ते फोटो विकिमीडिया कॉमन्सवर जात नाहीत. फॉर्मच्या शेवटी संमतीची चौकट सक्तीची करा.

काचेतलंरान

ठरलं: सात अधिक चार सक्तीचे, बाकी ऐच्छिक. आता शेवटचं, जुन्या १४० ओळींचं काय? आणि झाडाच्या पानावर नवीन माणसाला काय दाखवायचं, नुसत्या नोंदींची रांग?

तक्तेबाज

पानावर दोन गोष्टी वर: किती पेट्यांत, किती जणांकडे. त्याखाली ९० आणि ३६५ दिवस पार केलेल्यांची संख्या, बंद आणि हवापट्टीच्या पेट्या वेगळ्या मोजून. निदान तीन वेगवेगळ्या माणसांच्या पाच पेट्या होईपर्यंत टक्केवारी दाखवू नका, 'चारपैकी तीन' असंच लिहा. एकाच उत्साही माणसाच्या दहा पेट्या म्हणजे एकच पाणी, एकच दिवा, एकच हात. आणि मेलेल्यांची कारणं जगलेल्यांच्या शेजारीच दिसू द्या, खाली दडवू नका.

जुन्या ओळींतून फक्त नावं उचला आणि 'नावे' तक्त्यात टाका, पेरेपानांनी सांगितल्याप्रमाणे ताडून. प्रकाश-ओलावा-तापमानाचे कॉलम नव्या तक्त्यात आणू नका. मूळ शीट कुलूप लावून 'जुनी मते' म्हणून ठेवा. ज्यांनी त्या ओळी भरल्या त्यांच्याकडे ती झाडं अजून असतील तर त्यांना आजच्या तारखेची एक नोंद भरायला सांगा. लावल्याची तारीख आठवत नसेल तर महिना-वर्ष चालेल, त्याला 'अंदाजे' अशी खूण.

उंचीचा कॉलम मात्र वाचवता येतो. तुमच्या शीटमध्ये दिवस आधी, महिना नंतर अशी तारखेची पद्धत असेल, तर '५-१०' चा ५ ऑक्टोबर झाला आणि '१०-१५' तसाच राहिला, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणजे बिघडलेल्या ओळींत दिवस हा किमान आणि महिना हा कमाल. दोन नव्या कॉलममध्ये डे आणि मंथ ही सूत्रं लावा, दोन्ही आकडे सुटे होऊन परत मिळतील. त्याआधी फाइल, सेटिंग्ज, लोकेल (कुठल्या देशाची पद्धत) बघून घ्या. ते अमेरिकेचं निघालं तर उलटं वाचायचं.